शाळेची परसबाग: पहिल्या वर्षी काय करायचं आणि कुठे चुकतं

जुलैत खड्डे, पाहुणे, फोटो. मार्चमध्ये त्याच खड्ड्यांत वाळक्या काड्या. कितीतरी शाळांच्या आवारात हे दर वर्षी घडतं. उत्साह कमी पडतो म्हणून रोपं मरत नाहीत. ती शाळेच्या रोजच्या कामात कुठेच बसलेली नसतात, म्हणून मरतात. प्रार्थना, हजेरी, खिचडी, हात धुणं, झाडलोट हे शाळेत न सांगता रोज होतं. परसबाग या कामांना जोडली तर ती चालते, आणि मुलंही रोज त्याच मातीत हात घालून तिला ओळखू लागतात.

पुढची माहिती साधारण ६० ते १०० पटाच्या, पोषण आहार शिजणाऱ्या आणि आवारात थोडी मोकळी जागा असलेल्या शाळेसाठी आहे. नव्याने रुजू झालेले शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, कोणीही ती वाचून सुरुवात करू शकेल.

आधी दोन आठवडे फक्त मोजा

कुदळ उचलण्याआधी चार गोष्टी वहीत उतरवा. हे काम पाचवीच्या पुढची मुलं आनंदाने करतात.

पहिली गोष्ट ऊन. ज्या जागेवर वाफे करायचे आहेत तिथे सकाळी १०, दुपारी १२ आणि ३ वाजता सावलीची कड चुन्याने आखा. पालेभाजीला निदान चार तास ऊन लागतं, भेंडी-गवारीला सहा. इथे एक चूक हमखास होते. जूनमध्ये सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे इमारतीच्या उत्तरेची जागा तेव्हा लख्ख दिसते. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला कलला की तीच जागा दिवसभर इमारतीच्या सावलीत जाते आणि मेथी फिकट पडून लोळते. शाळेचा भाजीचा मुख्य हंगाम हिवाळ्यातच येतो, म्हणून वाफे दक्षिणेला किंवा पूर्वेला घ्या.

दुसरी गोष्ट पाणी. जेवणाच्या सुट्टीत मोरीच्या तोंडाशी बादल्या लावा आणि किती भरल्या ते मोजा. ८० मुलांनी हात आणि ताटं धुतली की एका सुट्टीत दीड-दोनशे लिटर पाणी सहज वाहून जातं.

तिसरी गोष्ट कचरा. पाच दिवस तो तीन पोत्यांत वेगळा गोळा करा (पालापाचोळा, स्वयंपाकघरातली देठं-सालं, प्लास्टिक-कागद) आणि ताणकाट्यावर तोला. उरलेलं अन्न वेगळं तोला. काटा मुलांनाच धरू द्या. चिक्की आणि वेफर्सच्या पुड्या एकेक मोजल्या की पुढच्या आठवड्यात त्या कमी येतात, त्यासाठी वेगळं भाषण करावं लागत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच सहसा राहून जाते. आवारात आणि कुंपणाला कोणती विषारी झाडं आहेत ते पाहा. चंद्रज्योत गुरं खात नाहीत म्हणून कुंपणाला लावलेली असते. तिच्या काळ्या बियांची चव शेंगदाण्यासारखी गोडसर लागते, त्यामुळे मुलं त्या आवडीने खातात आणि मग उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात पोचतात. शाळेच्या कुंपणाला चंद्रज्योत असेल तर मुळासकट काढा. कण्हेर, बिट्टी आणि धोत्राही मुलांच्या हाताच्या अंतरावर नकोत. गाजरगवताने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. ते मोठ्यांनी, हातमोजे घालून, फुलायच्या आत उपटावं.

मोरीचं पाणी

नवीन बोअर मागण्याआधी वाहून जाणारं पाणी वापरात आणा. मोरीतून निघणाऱ्या पाइपच्या तोंडाशी एक छोटं टाकं करा, जुनी प्लास्टिकची बादलीही चालते. त्यात नायलॉनची जाळी बसवा. जाळीवर शितं अडकतात, ती रोज काढायची पाळी दोन मुलांना द्या. जाळी नसली की शितं शोषखड्ड्यात (पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात) जातात, कुजून चिकट थर होतो आणि दोन-तीन महिन्यांत खड्डा तुंबून वास मारू लागतो. शोषखड्डे वाया जाण्याचं हेच पहिलं कारण आहे.

मुरमाड जमिनीत ३ फूट लांब-रुंद-खोल खड्डा पुरतो. तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर खडी. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या जमिनीत असा खड्डा चालत नाही, कारण चिकण माती पाणी फार सावकाश पिते. तिथे दीड फूट खोल आणि १५-२० फूट लांब चर खणून खडीने भरा, म्हणजे पाणी पसरून मुरतं. विहीर किंवा बोअर असेल तर हे सगळं त्यापासून निदान ५० फूट लांब घ्या.

चराच्या कडेला केळी, कर्दळ, नारळ लावा. साबणाचं पाणी पालेभाजीला देऊ नका. पूर्वी घरोघरी मोरीवर अळू असायचं हे खरं, पण तेव्हा भांडी राखेने घासली जायची. आजच्या भांड्यांच्या पावडरीचं पाणी खाण्याच्या पानांपासून दूरच ठेवलेलं बरं.

पालापाचोळ्याचं खत

शाळेत जाळला जाणारा पाला हे शाळेचं सगळ्यात मोठं नुकसान आहे. धूर वर्गात शिरतो तो वेगळाच. आपल्याकडे पानगळ मुख्यतः जानेवारी ते मार्चमध्ये होते, म्हणजे खताचं काम फेब्रुवारीत सुरू होतं आणि खत जूनच्या पेरणीला मिळतं. सुरुवात जूनमध्येच करत असाल तर पहिल्या वर्षी गावातून कुजलेलं शेणखत आणा. पण पोत्यांत पाला साठवायला पहिल्याच वर्षापासून लागा.

हौद सिमेंटशिवाय होतो. ३ फूट × ३ फूट जागेवर विटा ठेवत जा, दोन विटांत तीन-चार बोटांची फट सोडा आणि वरच्या थराची वीट खालच्या फटीवर येऊ द्या. एका थराला साधारण १२ विटा लागतात. १२ थरांत ३ फूट उंची मिळते, म्हणजे १५० विटा जवळ ठेवा. फटींतून हवा खेळते. भिंतीला गिलावा करून हौद बंद केला की आतलं सडतं, खत होत नाही. हौदापेक्षा ढीग लहान असला तर तो तापत नाही आणि कुजायला फार वेळ लागतो.

भरण्याची रीत अशी: तळाला काटक्यांचा एक थर. त्यावर वीतभर वाळका पाला, त्यावर दोन-तीन बोटं ओला भाग (भाजीची देठं, हिरवं गवत), मग घमेलंभर माती आणि बादलीभर पाण्यात कालवलेलं दोन किलो शेण. हेच थर वरपर्यंत. मापाने वाळकं तीन भाग, ओलं एक भाग. आंबा-फणसाची जाड पानं आधी पोत्यात घालून काठीने झोडा, नाहीतर ती पाच-सहा महिने तशीच राहतात.

ओल किती हवी? मूठभर घेऊन पिळलं तर हात ओला व्हावा, एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाणी जास्त झालं. हौद एकाच दिवशी भरला असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यात लोखंडी सळई खुपसा आणि पाच मिनिटांनी बाहेर काढा. ती हातात धरवत नाही इतकी तापलेली असते. आग नाही, वीज नाही, तरी एवढी उष्णता आली कुठून, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. सूक्ष्मजीवांचा धडा त्या दिवशी घ्या.

दर १५ दिवसांनी ढीग वरखाली करा. हे काम मोठ्यांनी फावड्याने करायचं, मुलांनी ढिगात हात घालायचा नाही. ऊब आणि आडोसा असला की साप येतात. आधी काठीने ढीग ठोका, थोडं थांबा, मग हलवा.

कुजका वास आला तर ओलं जास्त झालंय, वाळका पाला मिसळून ढीग हलवा. मुंग्या लागल्या तर तो कोरडा पडलाय. उंदीर-कुत्री आली तर कोणीतरी शिजवलेलं अन्न टाकतंय. उरलेली खिचडी गुरांना-कोंबड्यांना द्या, हौदात नको. पावसाळ्यात हौदावर जुना पत्रा ठेवा. अडीच-तीन महिन्यांत खाली काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीचा वास असलेलं खत दिसू लागतं.

हलवताना पांढऱ्या जाड अळ्या निघतात, आणि सगळेच 'हुमणी, हुमणी' म्हणून त्या ठेचतात. थांबा. एक अळी सपाट फरशीवर ठेवा आणि मुलांना भोवती बसवा. अळी उताणी होऊन पाठीवर सरपटत चालली तर ती फुलभुंग्याची. ती कुजलेला पाला खाते, खत करायला मदतच करते. तिला परत ढिगात सोडा. पायांवर किंवा कुशीवर वळवळणारी असेल तर ती हुमणी असू शकते. ती मुळं खाते, तिला वाफ्यात जाऊ देऊ नका. दोन मिनिटांच्या या परीक्षेनंतर मुलं कुठलाही किडा पाहताक्षणी मारत नाहीत, आधी वाकून बघतात.

वाफे, आणि स्वयंपाकघराशी हिशेब

आधी हिशेब स्वच्छ करू. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. प्राथमिकच्या ८० मुलांना रोज ४ किलो भाजी लागली. १० फूट × ३ फूट वाफ्यातून मेथी निघते दोनेक किलो, तीही महिन्याने. म्हणजे चार वाफ्यांनी शाळेची भाजी भागणार नाही. भागेल असं कोणाला सांगूही नका, नाहीतर दुसऱ्या महिन्यात सगळे निराश होतात.

मग लावायचं काय? खिचडीत थोडं लागतं पण रोज लागतं, असं. कढीपत्ता, कोथिंबीर, लिंबू, मिरची. आणि शेवगा. दोन शेवग्यांचा पाला वर्षातले बरेच महिने मिळतो, पानांत लोह-कॅल्शियम भरपूर असतं आणि झाडाला जवळपास काही करावं लागत नाही. फांद्या मात्र ठिसूळ असतात. तो खेळाच्या जागेपासून लांब लावा आणि डोक्याच्या उंचीवर छाटत राहा. हे ठरवताना स्वयंपाक करणाऱ्या ताईंना सोबत घ्या. काय चिरायला सोपं, काय मुलं ताटात टाकून देतात, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. ताईंना विचारल्याशिवाय लावलेला पालक त्यांच्यासाठी निवडण्याचं वाढीव काम होतो, आणि मग तो वाफ्यातच जून होतो.

वाफ्याची रुंदी ३ फुटांच्या वर नेऊ नका. मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर मुलं वाफ्यात पाय देतात आणि माती दबते. दोन वाफ्यांत दोन फुटांची वाट ठेवा. पावसाळ्यात माती सहा-आठ इंच उचलून गादी वाफा करा, हिवाळ्यात सपाट वाफा करून कडेला बांध घाला. एका वाफ्याला दोन घमेली कुजलेलं खत. ताजं शेण घालू नका, त्याने वाळवी लागते आणि रोपं करपतात.

पेरणीत नेमकं चुकतं ते असं:

मेथी वाफ्याला १०-१२ ग्रॅम पुरते. मुलांच्या हातात पाकीट दिलं की सगळं एका कोपऱ्यात पडतं. बी चौपट कोरड्या मातीत मिसळा आणि ओळींतून पेरायला द्या. धणे रगडून दोन फोडी केल्याशिवाय पेरू नका, अख्खे धणे उगवायला फार वेळ घेतात. भेंडीचं बी रात्रभर भिजवून, दीड फूट अंतराच्या दोन ओळींत फुटाफुटावर दोन-दोन टोचा. एका वाफ्यात २० झाडं बसतात. भेंडी दिवसाआड तोडावी लागते. शुक्रवारी तोडायची राहिली तर सोमवारी ती दोरखंड झालेली असते.

शाळेचं वेळापत्रक शेतीच्या वेळापत्रकाइतकंच महत्त्वाचं आहे. जून-जुलैत भेंडी, गवार, चवळी, लाल माठ, आणि कुंपणावर दोडका-दुधी. मेथी साधारण ३० दिवसांत, पालक ३५-४० दिवसांत आणि मुळा ४०-४५ दिवसांत येतो. दिवाळीच्या सुट्टीआधी तीन आठवडे मेथी पेरलीत तर ती ऐन सुट्टीत तयार होऊन वाया जाणार. पालेभाजी सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी पेरा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेवटची पेरणी. त्यानंतर नको. मार्चच्या उन्हात पाण्यावरून भांडणं होतात.

मावा चवळीच्या शेंड्यांवर दिसला की शेंडे खुडून टाका, पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. तरी आवरला नाही तर ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून शाळा सुटल्यावर मोठ्यांनी फवारावं. रासायनिक औषध शाळेच्या आवारात आणूच नका, कोठीतही ठेवू नका.

एक लिंबाचं झाड फुलपाखरांसाठी

दोन लिंबं लावा, एक स्वयंपाकघरासाठी आणि एक अळ्यांसाठी. दुसऱ्यावर कधीच काही फवारायचं नाही.

पावसाळ्यात कोवळ्या पालवीवर खसखशीच्या दाण्याएवढी, फिकट पिवळी, गोल अंडी सापडतात. लाइम किंवा कॉमन मॉर्मन फुलपाखरू ती एकेक सुटी घालतं. सह्याद्रीच्या पट्ट्यात आणि कोकणात ब्लू मॉर्मनही लिंबूवर्गीय झाडांवर येतं, ते २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. तीन-चार दिवसांनी निघणारी अळी तपकिरी-काळी, मध्ये पांढरा पट्टा, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पक्षी तिला विष्ठाच समजून सोडून देतात. मोठी होताना ती चार वेळा कात टाकते आणि शेवटच्या वेळी एकदम हिरवीगार होते. तिच्या डोक्यामागे गवताची काडी हलकेच लावा. नारिंगी-लालसर, सापाच्या जिभेसारखं दुभंगलेलं शिंग झटकन बाहेर येतं आणि एक आंबूस उग्र वास सुटतो. काडी एकदाच लावायची, रांगेने चाळीस जणांनी नाही.

प्रत्येक गटाला एक अळी वाटून द्या आणि वहीत रोज तीन नोंदी करायला सांगा: लांबी किती (पट्टी फांदीला टेकवून), रंग कोणता, काल होती ती आज आहे का. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो. दहा अळ्यांतल्या सात-आठ मध्येच नाहीशा होतील. काही गांधीलमाश्या नेतात, काही शिंपी-बुलबुल खातात. मुलं हिरमुसतात. बुलबुलाच्या पिल्लांनी काय खायचं, हे त्याच वेळी बोलायचं असतं. रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या सापडतात. रुईचा चीक डोळ्यांना घातक असतो, म्हणून ती फक्त बघायची.

झाडं, पाऊस, वीज

झाडं थोडी लावा. दहा मुलांमागे एक पुरे. करंज, बहावा, ताम्हण, जांभूळ, कांचन, आपटा, यांपैकी गावच्या रानात आधीच दिसतात ती निवडा. खड्डा २ फूट लांब-रुंद-खोल, भिंतीपासून १५ फूट दूर, वरून विजेची तार जात नाही ना ते बघून. लागवड दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करा, पहिल्या सरीला नको. बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण त्याच दिवशी झालं पाहिजे, शेळ्या दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाहीत.

पाऊस मोजायला सरळ भिंतीचा डबा आणि पट्टी पुरते, नोंद रोज एकाच वेळी घ्या. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. हे कळलं की मुलं स्वतः छत मोजायला धावतात. २० × ३० फुटांचा पत्रा म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. १० मिलिमीटर पावसात, सांडलवंड वजा जाता, साडेचारशे लिटर मिळतात. पन्हळीला ५०० लिटरची टाकी लावा, हंगामातल्या पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, तोंडाला बारीक जाळी बांधा. हे पाणी बागेसाठी, पिण्यासाठी नाही. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून उघडी भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करा.

विजेचं सोपं आहे. मीटरचा आकडा शाळा सुटताना आणि सकाळी भरताना लिहा. रात्रीत आकडा पुढे सरकला तर काहीतरी चालू राहिलंय. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. पंखा बिघडेल तेव्हा बदला, चालणारा मोडीत काढू नका.

मे महिना आणि बदली

बागा मरतात त्या या दोन कारणांनी.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वाफे रिकामे करून चार-पाच बोटं पाला अंथरा. माती झाकलेली राहिली की जूनमध्ये ती मऊ मिळते. पहिल्या-दुसऱ्या वर्षीच्या प्रत्येक झाडाजवळ फूटभर अंतरावर पाच-सहा लिटरचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा. रंग दिलेलं नको, त्यातून पाणी पाझरत नाही. आठवड्यातून दोनदा भरायचं, वर झाकण ठेवायचं. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या चार-पाच घरांना प्रत्येकी दोन-तीन झाडं नाव घालून वाटून द्या. 'सगळ्यांनी लक्ष ठेवा' म्हटलं की कोणीच ठेवत नाही.

बागेची वही शाळेच्या दप्तरात ठेवा, कोणा एका सरांच्या किंवा बाईंच्या पिशवीत नको. त्यात जागेचा नकाशा, पाइप कुठून गेलाय, कुठल्या महिन्यात काय पेरलं आणि काय फसलं, बी कुठून आणलं, पाळ्या कशा लावल्या हे सगळं असू द्या. पाळ्यांत नेहमी चौथीसोबत दुसरीचं एक मूल जोडा, म्हणजे मोठं मूल शाळा सोडून गेलं तरी काम येणारं कोणीतरी उरतं. व्यवस्थापन समितीच्या सभेत ही वही वर्षातून दोनदा वाचली जावी. बदली होऊन येणाऱ्या शिक्षकांना पदभार देताना तीही हातात द्यावी.

आणि टाकीच्या व्हॉल्व्हची चावी शाळेच्या कपाटात ठेवू नका. मे महिन्यात कपाटाला कुलूप असतं. ती समितीतल्या शेजारच्या पालकांकडे द्या आणि कोणाकडे दिली ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.